गोठलेल्या जमिनीवरचे पांघरूण

अलास्कातल्या फेअरबँक्स शहराजवळ १९४६ साली अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी स्प्रूसच्या जंगलात शेजारी शेजारी तीन चौरस आखले. प्रत्येकाची बाजू ६१ मीटर. पहिल्याला हात लावला नाही. दुसऱ्यातली झाडे-झुडपे हाताने कापून काढली, पण जमिनीवरची मॉसची गादी आणि मुळांचे जाळे तसेच राहू दिले. तिसरा चौरस थेट मातीपर्यंत खरवडला. या भागात जमिनीखाली थोड्याच खोलीवर वर्षानुवर्षे न वितळणारी गोठलेली माती लागते. तिला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. २६ वर्षांनी पाहिले, तर पहिल्या चौरसाखाली ही गोठलेली माती होती तिथेच होती. दुसऱ्याखाली ती ४.७ मीटर खोल गेली होती आणि तिसऱ्याखाली ६.७ मीटर. तिन्ही चौरसांवरचे आभाळ एकच, पडणारे हिमही तेच. वेगळा होता तो फक्त झाडोरा.

हा प्रयोग करावासा वाटण्यामागे कटू अनुभव होता. १९४२ मध्ये युद्धाच्या घाईत कॅनडातून अलास्कापर्यंत महामार्ग बांधताना बुलडोझरने नेहमीसारखी वरची झुडपे आणि मॉस काढून टाकली. इतरत्र रस्ता असाच सुरू होतो. इथे मात्र उघडी पडलेली जमीन वितळून चिखल झाली आणि यंत्रे त्यात रुतली. मग पद्धत उलटी करावी लागली. झाडे हाताने तोडायची, मॉसला धक्का लावायचा नाही आणि तिच्यावर ओंडके आडवे रचून वर भराव घालायचा.

मॉस म्हणजे पावसाळ्यात सह्याद्रीतल्या झाडांच्या बुंध्यांवर आणि जुन्या भिंतींवर चढते ती मऊ हिरवी गादी. आपल्याकडे ती दोन-तीन सेंटिमीटरची असते आणि उन्हाळ्यात वाळून जाते. टुंड्रात, म्हणजे ध्रुवाजवळच्या वृक्षहीन गोठलेल्या प्रदेशात, मॉस आणि तिच्याखालचा अर्धवट कुजलेला थर (पीट) मिळून १०, २०, कुठे ३० सेंटिमीटर जाडी होते. ही गादी नक्की काय करते ते कळायला जमिनीच्या पृष्ठभागावरचा उष्णतेचा जमाखर्च पाहावा लागतो.

जमेची बाजू म्हणजे ऊन आणि आकाशाकडून येणारे अवरक्त किरण. त्यातून परावर्तित झालेले ऊन आणि जमिनीने स्वतः बाहेर टाकलेले किरण वजा केले की निव्वळ जमा उरते. तिला वाटा तीन: काही उष्णता वरची हवा तापवते, काही पाण्याची वाफ करण्यात जाते आणि उरलेली जमिनीत उतरते. बर्फ वितळत असेल तेव्हा चौथा वाटेकरी येतो. उन्हाळ्यात टुंड्रातल्या निव्वळ जमेपैकी साधारण १० ते २० टक्के जमिनीत जाते. वाटा लहान दिसतो, पण पर्माफ्रॉस्टचे भवितव्य त्यावरच ठरते. आणि तो किती असावा हे बरेचसे वनस्पती ठरवतात.

आकडे घालून पाहू. कोरडी मॉस उष्णतेची फार वाईट वाहक आहे: तिची वाहकता दर मीटर, दर अंशाला सुमारे ०.१ वॅट किंवा त्याहूनही कमी. समजा, गादी २० सेंटिमीटर जाड आहे, वरचा पृष्ठभाग १२ अंश सेल्सिअसवर आणि तळ शून्यावर. तर दर चौरस मीटरमधून फक्त ६ वॅट खाली उतरतात. दिवसभरात तेवढ्यात साधारण दीड किलो बर्फ वितळतो. माती अर्धी बर्फाने भरलेली असेल, तर वितळण्याची रेषा दिवसाला साडेतीन मिलिमीटर खाली सरकते. आता हीच गादी पाण्याने चिंब करा. वाहकता ०.५ च्या आसपास जाते, प्रवाह ३० वॅट होतो, बर्फ पावणेआठ किलो आणि रेषा दिवसाला १७ मिलिमीटर. बर्फाच्या लाद्या भुशात आणि गोणपाटात गुंडाळून ठेवणाऱ्यांना हे हिशेबाशिवाय ठाऊक असते: भुसा कोरडा असेपर्यंतच लादी टिकते.

पण ओली मॉस म्हणजे निव्वळ तोटा, असेही नाही. ओलावा म्हणजे बाष्पीभवन. एक लिटर पाणी वाफ होताना जितकी उष्णता घेऊन जाते, तितक्या उष्णतेत साडेसात किलो बर्फ वितळला असता. माठ गार राहतो तो याच हिशेबाने. मॉसला खरी मुळे नसतात आणि पानांवर उघडझाप करणारी रंध्रेही नसतात, त्यामुळे पाणी खर्च करायचे की राखायचे हे तिच्या हातात नाही. पाने आणि खोडे यांच्यामधल्या बारीक फटींतून पाणी वर चढते आणि उडून जाते. आठवडाभर पाऊस आला नाही की वरचे काही सेंटिमीटर खडखडीत वाळतात. मग बाष्पीभवन घटते, पृष्ठभाग तापतो आणि हवेला जाणारा वाटा वाढतो, मात्र खाली जाणारी वाट जवळजवळ बंद होते. दलदलीत वाढणारी स्फॅग्नम मॉस तर वाळल्यावर फिकट, पांढरट होते आणि ऊन अधिक परतवते.

या गादीची खरी करामत वर्षभराच्या चक्रात दिसते. उन्हाळ्यात वरचा थर बहुतांशी कोरडा, म्हणून उष्णता आत जाणे अवघड. शरद ऋतूत पाऊस वाढतो, ऊन उतरते, गादी पाण्याने भरते आणि तशीच गोठते. बर्फ पाण्यापेक्षा जवळजवळ चौपट चांगला वाहक आहे, त्यामुळे भिजून गोठलेल्या मॉसची वाहकता १.५ ते २ पर्यंत पोहोचते, म्हणजे उन्हाळ्यातल्या कोरड्या गादीच्या पंधरा-वीस पट. तेच पांघरूण उन्हाळ्यात उष्णतेला आत येऊ देत नाही आणि हिवाळ्यात तिला बाहेर जाऊ देते, जणू एकाच बाजूला उघडणारी झडप. म्हणूनच पृष्ठभागाचे वार्षिक सरासरी तापमान शून्याच्या किंचित वर असलेल्या काही जागीही, पुरेसा पीट आणि मॉस असेल, तर खाली पर्माफ्रॉस्ट तगून राहतो.

झुडपांचे गणित याहून गुंतागुंतीचे आहे, आणि आज तेच जास्त महत्त्वाचे आहे. उत्तर अलास्कात १९४० च्या दशकात तेलाच्या शोधात विमानातून घेतलेली छायाचित्रे होती. पन्नासएक वर्षांनी त्याच जागांची पुन्हा छायाचित्रे काढली, तेव्हा आल्डर, विलो आणि खुरटा बर्च पसरलेले आणि दाट झालेले स्पष्ट दिसले. उपग्रहांनाही टुंड्राचे मोठे पट्टे हिरवे होताना दिसतात. मग जमीन थंड राहील की तापेल?

उन्हाळ्यापुरते पाहिले तर थंड. ईशान्य सैबेरियात इंडिगिर्का नदीच्या सखल प्रदेशात, कितालिक इथे, २००७ मध्ये दहा मीटर व्यासाच्या वर्तुळांतला खुरटा बर्च कापून टाकला. पानांची सावली गेली, जमिनीत उतरणारी उष्णता वाढली आणि पुढच्या काही उन्हाळ्यांत वितळलेल्या थराची खोली सरासरी ९ टक्क्यांनी जास्त भरली. गोष्ट तिथे थांबली नाही. खालचा बर्फ वितळल्याने वर्तुळे खचली, खळग्यांत पाणी साचले आणि काही वर्षांतच उंचवट्यांच्या जागी मिथेन सोडणारी डबकी झाली. पाणी गडद असते, ऊन शोषते आणि उष्णता चांगली वाहून नेते. एकदा साचले की ते स्वतःच खड्डा खोल करत जाते.

वसंतात मात्र हिशेब फिरतो. ताजे हिम ८० ते ९० टक्के ऊन परतवते, हिम नसलेली टुंड्रा जेमतेम १५ ते २० टक्के. एप्रिल-मे महिन्यात सूर्य दिवसाचा बहुतेक काळ वर असतो. अशा वेळी हिमातून गडद फांद्या बाहेर डोकावत असतील तर त्या तापतात, भोवतीचे हिम लवकर वितळवतात आणि हवाही तापवतात. गुडघ्याएवढे झुडूप हिमाच्या वजनाने वाकून पूर्ण झाकले जाते, तेव्हा हा परिणाम जवळजवळ नसतो. माणसाच्या उंचीचे आल्डर झाकले जात नाही. म्हणून झुडपांची नुसती व्याप्ती मोजून भागत नाही. त्यांची उंची हिमाच्या जाडीशी ताडून पाहावी लागते.

आणि हिवाळा. उघड्या टुंड्रावर वारा हिम उडवून नेतो आणि उरलेले ठोकून घट्ट करतो. झुडपांत ते अडकते, जाड आणि भुसभुशीत राहते. त्याच्या तळाशी साखरेच्या भरड दाण्यांसारखे सुटे स्फटिक तयार होतात आणि त्यांत अडकलेल्या हवेमुळे वाहकता ०.१ च्याही खाली जाऊ शकते. अशा रजईखाली जमीन गोठायला उशीर होतो. मातीतले पाणी गोठताना जी अप्रकट उष्णता सोडते तिच्यामुळे तापमान आठवडेच्या आठवडे शून्यावर अडून बसते आणि तेवढा काळ मातीतले सूक्ष्मजीव काम करत राहतात. झुडपे जमीन उबदार ठेवतात हे मत यावरूनच रूढ झाले.

त्याला एक नेमका अपवाद कॅनडाच्या बायलट बेटावर सापडला, ७३ अंश उत्तरेला. तिथे विलोच्या झुडपांखालची जमीन नोव्हेंबर ते फेब्रुवारीत शेजारच्या उघड्या टुंड्रापेक्षा सव्वा अंशाच्या आसपास थंड भरली. कारण फांद्या. गोठलेले लाकूड भोवतीच्या भुसभुशीत हिमापेक्षा कितीतरी चांगले वाहक, त्यामुळे रजईत सुया खोचाव्यात तशा फांद्या जमिनीतली उष्णता वर नेतात. वसंतात त्याच फांद्या हिमाखाली झिरपलेले ऊन शोषून उष्णता खाली पोहोचवतात. ही गोष्ट २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. तोवर झुडूप म्हणजे हिम अडवणारे कुंपण, एवढेच बहुतेक गणितांत धरले जात होते. उष्णता वाहणाऱ्या फांद्या त्यांत नव्हत्याच.

आता फेअरबँक्सच्या दुसऱ्या चौरसाकडे परत या. तिथे मॉस शाबूत होती, तरी पर्माफ्रॉस्ट ४.७ मीटर खाली गेला. मॉसची झडप एकटीने पुरी पडत नाही. वरच्या स्प्रूसची सावली गेल्याने ऊन थेट गादीवर पडले. फांद्यांवर अडकणारे हिम आता जमिनीवर साचून हिवाळ्यातली रजई जाड झाली. मुळे ओढून घेत होती ते पाणीही मातीतच राहिले. झाडोऱ्याच्या प्रत्येक मजल्याचे काम वेगळे आहे, एक मजला काढला की बाकीच्यांवरचा भार बदलतो.

हे सगळे मोजणे सोपे नाही. वाऱ्याचा वेग तिन्ही दिशांत सेकंदाला १० ते २० वेळा मोजणारा ध्वनी-वायुमापक आणि शेजारी बाष्पमापक बसवून हवेला आणि बाष्पीभवनाला जाणारे वाटे काढतात, वरखाली तोंड केलेल्या चार संवेदकांनी येणारे-जाणारे ऊन आणि अवरक्त किरण मोजतात, आणि जमिनीत काही सेंटिमीटर खोल चकत्या पुरून खाली जाणारी उष्णता. सगळी बेरीज सहसा जमत नाही: खर्च जमेपेक्षा १० ते ३० टक्के कमी भरतो. मॉसमध्ये सर्वांत जास्त फसवते ती चकती. ती स्वतः मॉसच्या कितीतरी पट चांगली वाहक असते, त्यामुळे प्रवाहाची वाटच बदलते. शिवाय मॉस इतकी पोकळ, की चकतीला नीट चिकटत नाही आणि मध्ये हवेची फट राहते. म्हणून चकती मॉसखालच्या घट्ट मातीत पुरायची आणि वरच्या थराने साठवलेली उष्णता वेगवेगळ्या खोलींवरच्या तापमानांवरून काढून मिळवायची, हे अधिक भरवशाचे. हिवाळ्यात संवेदकांच्या काचांवर दहिवर गोठते, आणि पुरलेले खांब गोठण्या-वितळण्याने दरवर्षी थोडे वर ढकलले जातात.

वितळलेल्या थराची खोली मोजायचे साधन मात्र अगदी साधे आहे: खुणा केलेली पोलादी सळई. उन्हाळा संपताना ती मातीत दाबायची, टणक लागले की आकडा वाचायचा. वितळ-थरावर देखरेख ठेवणाऱ्या ‘काल्म’ या आंतरराष्ट्रीय जाळ्यात चौरस आखून ११ गुणिले ११, म्हणजे १२१ जागी असे टोचतात. चूक दोन प्रकारे होते. सळई दगडावर अडते आणि तो बर्फ समजला जातो. दुसरी चूक लपून राहते: बर्फ वितळून जमीनच १० सेंटिमीटर खचली, तर सळई जुनाच आकडा दाखवते आणि काही घडलेच नाही असे वाटते. त्यासाठी पृष्ठभागाची उंचीही मोजावी लागते. आणि एकाच पायवाटेने वर्षानुवर्षे गेले तर मॉस दबते, म्हणून फळ्यांवरून चालायचे.

भारताचे ‘हिमाद्री’ हे केंद्र नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या न्यू-ओलेसुंडला ७९ अंश उत्तरेच्या जवळ आहे. २००८ मध्ये सुरू झालेल्या या केंद्राचा कारभार गोव्यात, वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून चालतो. तिथे झुडूप शोधायचे तर वाकावे लागते, कारण ध्रुवीय विलो दोन-चार सेंटिमीटरच वर येतो. बाकी मॉस, उघडी खडी आणि दगडावरची लायकेन, म्हणजे आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाची भावंडे. इतक्या उत्तरेला पावलापावलावर जमाखर्च बदलतो, मॉसचा ओला तुकडा आणि शेजारची कोरडी खडी एकाच उन्हात वेगळ्या वागतात.

अलास्काच्या उत्तर उतारावर आज टुंड्रावरून जड वाहन न्यायला परवानगी मिळते ती ३० सेंटिमीटर खोलीवर जमीन उणे ५ अंशांपर्यंत उतरल्यावर आणि किनारी भागात किमान १५ सेंटिमीटर, पायथ्याच्या टेकड्यांत २३ सेंटिमीटर हिम साचल्यावर. गवताचे उंचवटे आणि मॉस चाकांखाली चिरडू नये, एवढ्यासाठी हा नियम. त्याच भागाच्या पूर्वेकडच्या वन्यजीव अभयारण्यात १९८४ आणि १९८५ च्या हिवाळ्यांत तेलशोधासाठी सर्वेक्षणाची वाहने फिरली होती. तीही गोठलेल्या, हिमाच्छादित जमिनीवरूनच. पण जिथे हिम पातळ होते आणि खाली बर्फ जास्त, तिथल्या काही खुणा पंचवीस वर्षांनीही दिसत होत्या: चाकोरीइतकाच रुंद, थोडा खचलेला, ओला पट्टा, आणि दोन्ही बाजूंना पूर्वीचीच कोरडी टुंड्रा.