कूलरच्या ताटीमागचा इतिहास

एप्रिल लागला की नागपुरात रस्त्याच्या कडेला ताट्या भरून देणारे बसतात. क्षार धरून दगडासारखी कडक झालेली ताटी द्यायची, नवीन गवत भरून घरी न्यायची. कूलरच्या तीन बाजूंना बसणाऱ्या जाळीला ताटी का म्हणायचं, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही.

हा शब्द कूलरपेक्षा खूप जुना आहे. ताटी म्हणजे बांबूच्या कामट्यांचं दार किंवा आडोसा. त्यात वाळ्याची मुळं गुंफायची, ती पश्चिमेच्या दारात लावायची आणि वर पाणी मारत राहायचं. मोगलांच्या काळात वाळ्याच्या अख्ख्या खोल्याच असत, त्यांना खसखाना म्हणत. इंग्रजांनी पद्धत उचलली, शब्दही उचलला. एकोणिसाव्या शतकात त्यांनी एक मोठी पेटी वापरात आणली: आत हाताने फिरवायचे पंखे, बाजूला ओल्या ताट्या. आजचा कूलर तो हाच. तेव्हा गारवा स्वस्त होता, कारण पाणी मारणारा आणि पंखा ओढणारा माणूस स्वस्त होता. पुढे त्या दोघांच्या जागी पंप आणि मोटर आली.

यामागचं गणित सोपं आहे. एक लिटर पाण्याची वाफ होताना हवेतली साधारण दोन-तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता जाते. कूलरला लागतात दीडशे-दोनशे वॅट. दहा तासांत दोन युनिट. दीड टनाचा एसी चालू असताना पंधराशे वॅटच्या आसपास ओढतो. पण पाण्याची वाफ व्हायला हवा कोरडी लागते. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, नागपूर ४५ अंशांवर असतं तेव्हा कूलर हवा पंधरा-सोळा अंशांनी उतरवू शकतो. मुंबईच्या दमट मे महिन्यात चार-पाच अंश मिळाले तरी खूप. विदर्भातही मृगाचा पाऊस पडला की चिपचिप सुरू होते आणि कूलर झाकून ठेवावा लागतो. (भर उन्हाळ्यात चिपचिप होत असेल तर खिडक्या बंद आहेत, एवढंच. ओली हवा बाहेर जायला वाट हवी. जुन्या घरात ताटीसमोरचं दार उघडं असायचं.)

पण खरी बचत ताटीच्याही आधी, घरातच होती. विदर्भ-मराठवाड्यातली धाब्याची घरं आठवा: हात-दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती, वर लाकडं, त्यावर पांढऱ्या मातीचा थर. दुपारचं ऊन आत पोचेपर्यंत रात्र व्हायची, आणि रात्री माणसं अंगणात झोपायची. धाबं दरवर्षी लिंपावं लागे, पावसात गळे; लोक त्याला कंटाळले यात नवल नाही. सिमेंटचा स्लॅब आला, गळती थांबली. तो स्लॅब मात्र दिवसभर तापतो आणि रात्री खोलीवर उष्णता ओततो. गच्चीला चुना मारणं हा त्यावरचा जुना, सगळ्यांत स्वस्त इलाज. २०१० च्या मे महिन्यातल्या जीवघेण्या लाटेनंतर अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला आणि पुढे वस्त्यांमधली छपरं पांढरी करायलाही घेतली.

एसीचा जन्म तर माणसासाठी झालेलाच नाही. १९०२ साली विलिस कॅरियरने न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी यंत्र आखलं, कारण दमट हवेत कागद आकसत-फुगत होता आणि रंग एकमेकांवर नीट बसत नव्हते. दमटपणा काढणं हे त्याचं मूळ काम, म्हणूनच कूलर जिथे हरतो तिथे तो चालतो, आणि बिलही तसंच येतं. आपल्याकडे स्टार लेबल २००६ मध्ये आलं. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबल असलेल्या, खोलीत लावायच्या एसीचं मूळ सेटिंग २४ अंशांवर ठेवणं कंपन्यांना बंधनकारक झालं. एक अंश वर ठेवला की साधारण ६ टक्के वीज वाचते, असा ऊर्जा दक्षता ब्युरोचा हिशोब आहे. रिमोट हातात आल्यावर १८ करणारे घरोघरी आहेतच, आणि वर पांघरूण घेऊन झोपणारेही तेच.