पार्श्वभूमी : लोकलच्या दारातला मेटल डिटेक्टर

1993 च्या बॉम्बस्फोटांत लोकल वाचली होती. वरळीत बेस्टची बस स्फोटात सापडली. लोकल आणि तिच्या स्थानकांवर रोख आला तो दहा वर्षांनी. 6 डिसेंबर 2002 ला मुंबई सेंट्रल स्थानक, जानेवारीत विलेपार्ले स्थानकाबाहेर, 13 मार्च 2003 ला मुलुंडमध्ये शिरणारी गाडी. घाटकोपरची बस त्याच वर्षी जुलैत. हे आज कोणाच्या फारसं लक्षात नाही, कारण 11 जुलै 2006 ने ते सगळं झाकून टाकलं.

त्या संध्याकाळी 6.24 ते 6.35 या वेळात पश्चिम रेल्वेच्या सात लोकलमध्ये, पहिल्या वर्गाच्या डब्यांत स्फोट झाले. 180 हून अधिक माणसं गेली. बॅग ठेवायची आणि आपण उतरून जायचं, ही पद्धत माद्रिदने 2004 मध्ये पाहिली होती. तरीही आपल्याकडे तेव्हा भर दिला गेला तो स्थानकाच्या दारावर.

मोठ्या स्थानकांवर मेटल डिटेक्टरच्या चौकटी आल्या. गर्दीच्या वेळी चर्चगेटला एका गाडीतून हजारो माणसं उतरतात आणि मागची गाडी तीन-चार मिनिटांत हजर असते. प्रत्येकाकडे किल्ल्या, मोबाइल, स्टीलचा डबा. चौकट अखंड वाजते आणि शेजारच्या खुर्चीवरचा जवान मान वर करत नाही. करून करणार काय? अडवून तपासायचं म्हटलं तर रांग रस्त्यावर जाते, आणि ती रांगच आयतं लक्ष्य होते. दादरला तर पुलावरून, फुलबाजाराकडून, वाट फुटेल तिथून आत येता येतं. अधिकाऱ्यांचा युक्तिवाद असा की चौकटीने धाक बसतो. धाक कोणाला, हे कधी नीट सांगितलं गेलं नाही.

2008 मध्ये सीएसटीला चौकटी होत्या. समोर एके-47 होत्या आणि बंदोबस्तावरच्या पोलिसांकडे जुन्या .303 रायफली. 50 हून अधिक बळी गेले. चौकटीचा तिथे उपयोग नव्हता, होणारही नव्हता. त्यानंतर देशभरातल्या 202 स्थानकांसाठी एकात्मिक सुरक्षा यंत्रणेची योजना आली: कॅमेरे, सामानाचे स्कॅनर, बॉम्बशोधक पथकं. कॅमेरे खरोखर कामी आले, पण बहुतेकदा घटना घडून गेल्यावर, तपासाला. त्यातही फलाटावरच्या गुन्ह्याचा तपास राज्याच्या पोलिसांकडे आणि रेल्वेचं स्वतःचं दल वेगळं, ही जुनी वाटणी कायमच आहे.

2014 ला मेट्रो आली आणि विसंगती उघडी पडली. घाटकोपरला वर मेट्रोत बॅग स्कॅनरमधून जाते, अंगाची झडती होते. तोच प्रवासी जिना उतरून खाली कोणी न विचारता कल्याण लोकल पकडतो. मेट्रोची दारं मोजकी आणि पहिल्यापासून बंदिस्त, म्हणून तिथे हे जमतं.

2006 च्या खटल्यात विशेष न्यायालयाने 2015 मध्ये 12 जणांना दोषी ठरवलं, पाच जणांना फाशी सुनावली. जुलै 2025 मध्ये उच्च न्यायालयाने सर्वांना निर्दोष सोडलं. सर्वोच्च न्यायालयाने या निकालाचा दाखला इतर खटल्यांत देण्यास स्थगिती दिली, सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवलं नाही. गाड्यांत नेमके कोणत्या प्रकारचे बॉम्ब होते, एवढंसुद्धा सरकारी पक्षाने सिद्ध केलं नाही, असं उच्च न्यायालयाने नोंदवलं आहे.