टांगत्या टोपलीतील फुलझाडे (बेळगाव सीमाभाग)

वाशाला, तुळईला, बाल्कनीच्या गजाला किंवा भिंतीतल्या ब्रॅकेटला साखळीने टांगलेल्या उथळ भांड्यात फुलझाडे वाढवण्याची पद्धत. बेळगाव शहर, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात आणि घाटाखाली कारवारकडे ही हौस चांगलीच रुजली आहे. नर्सरीवाला मराठीत बोलो की कन्नडमध्ये, या झाडांना तो ‘हँगिंग’च म्हणतो.

छताला काही टांगणे इथल्या घरांना नवे नाही. दुधा-लोण्याचे शिंके कौलारू घराच्या वाशालाच असे, आणि कारवार-गोव्याकडे गणपतीच्या डोक्यावर रानफुला-फळांची माटोळी आजही बांधतात. माटोळीतली फुले मात्र खुडलेली असतात. टोपलीतल्या झाडाला मुळे असतात आणि ती मूठभर मातीत अडकलेली असतात. जमिनीतले झाड खालच्या ओलीवर चार दिवस काढते. टोपलीला चहूबाजूंनी वारा लागतो, त्यामुळे तिची ओल एका दिवसात उडते, तर पावसाळ्यात तीच टोपली ठिबकत राहून मुळे कुजतात. ‘अमुक दिवसांनी पाणी द्या’ हा पुस्तकी सल्ला या भागात म्हणूनच फारसा चालत नाही.

याला कारण इथला पाऊस. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे आणि शहरात वर्षाला साधारण १२०० मिमी. पाऊस पडतो. मलप्रभेचे उगमस्थान असलेल्या कणकुंबीत तो याच्या तिपटीहून अधिक, तर त्याच जिल्ह्यातल्या अथणीत जेमतेम निम्मा. श्रावणात कणकुंबीच्या पडवीतली टोपली आठवडाभर कोरडी होत नाही, आणि त्याच वेळी अथणीच्या सज्जातल्या टोपलीला रोज तांब्याभर पाणी लागते. कारवारला दमट उष्मा आणि खारा वारा असतो, तिथे नाजूक पाकळ्यांची झाडे लवकर काळवंडतात.

टोपल्या तीन तऱ्हांच्या. तारेच्या जाळीला नारळाच्या काथ्याचे अस्तर लावलेली टोपली सर्वांत चांगली, कारण जादा पाणी निथळते आणि मुळांना हवा मिळते. मात्र ती सर्वांत लवकर वाळतेही, तेव्हा पूर्वेकडच्या कोरड्या तालुक्यांत तिच्या आत छिद्रे पाडलेला प्लॅस्टिकचा कागद घालावा. प्लॅस्टिकची कुंडी स्वस्त आणि हलकी, पण तिच्या तळाला चिकटलेली बशी पावसाळ्यात काढलीच पाहिजे. मातीची टांगती कुंडी दिसायला देखणी. खानापूर कौलांसाठी आणि कुंभारकामासाठी नावाजलेले आहे, त्यामुळे या भागात मातीच्या भांड्याला तोटा नाही. तरीही ती टांगायला जड पडते, आणि घरात लहान मुले असतील तर ती कट्ट्यावर ठेवलेलीच बरी.

वजनाचा हिशेब बहुतेक जण करत नाहीत. बारा इंच व्यासाच्या अर्धगोल टोपलीत सुमारे ७ लिटर मिश्रण मावते. त्यात नुसती तांबडी माती भरली तर पाणी पिऊन ती बारा किलोच्या घरात जाते, कोकोपीटचे (नारळाच्या काथ्याच्या भुशाचे) मिश्रण असेल तर सात-आठ किलोवर थांबते. हूक याच्या दुप्पट वजन पेलणारा हवा. जुन्या घरात तो वाशाऐवजी तुळईत बसवावा. स्लॅबला खिळा न ठोकता भोक पाडून फास्टनर (आत पसरून घट्ट बसणारा बोल्ट) घालावा. एप्रिल-मे महिन्यांत बेळगावला वळीव वादळासह येतो, तेव्हा आभाळ भरून आले की टोपल्या खाली उतरवून ठेवणे उत्तम.

मिश्रणासाठी तांबडी माती, धुतलेले कोकोपीट आणि कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत समभाग घेतात, त्यात मूठभर निंबोळी पेंड टाकतात. कोकोपीट धुवायचे ते त्यातले क्षार जावेत म्हणून. खानापूर भाताचा तालुका असल्याने तिथे भाताचे जळके तूस सहज मिळते. ते मिसळले की मिश्रण भुसभुशीत राहते, माती हलकी ठेवणाऱ्या विकतच्या पर्लाइटची गरज पडत नाही. चिकोडी-अथणीकडची काळी माती मात्र टोपलीत घालूच नये. ती ओली असताना चिकट होते आणि वाळली की भेगाळून कडांपासून सुटते. मग घातलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली जाते आणि मुळे कोरडीच राहतात.

लावताना आधी टोपली अर्धी भरून जाळीच्या बाजूंतून लोंबणाऱ्या जातींची रोपे आत सरकवावी, मग वरचा भाग भरून मध्ये उभे वाढणारे एखादे रोप लावावे. वरच्या काठाखाली बोटभर जागा मोकळी ठेवली नाही तर पाणी मुरण्याऐवजी वाहून जाते. नवे शेंडे दोनदा खुडले की फांद्या फुटतात. हे खुडणे लोकांच्या जिवावर येते आणि म्हणूनच बहुतेक टोपल्या लांब, विरळ आणि मधोमध टकलू दिसतात.

हिवाळा हा बेळगावचा खरा फुलांचा ऋतू. दिवाळीच्या सुमारास पिटुनियाची रोपे नर्सरीत येतात आणि मार्चपर्यंत फुलतात. व्हर्बिना, अ‍ॅलिसम, नॅस्टर्शियम हीही याच दिवसांतली. पिटुनियाची सुकलेली फुले देठासह काढत राहावी. बी धरले की फुलणे मंदावते. ऊन तापले की पाळी चिनी गुलाबाची, म्हणजे पोर्टुलाकाची. मूळचे दक्षिण अमेरिकेतले हे झाड ‘टेबल रोज’ नावानेही विकतात. त्याला पाच-सहा तास कडक ऊन हवे, सावलीत ते कळ्यासुद्धा उघडत नाही. अथणीसारख्या ठिकाणी पैसा घालायचा तर याच्यावरच घालावा. बोटभर फांदी खोचली की जगते, त्यामुळे ते विकत घेण्यापेक्षा शेजारणीकडून मागून आणण्याची चाल जास्त. लोंबणारी सदाफुलीही उन्हाळा निभावते. सावलीच्या पडवीत बिगोनिया, टोरेनिया, स्पायडर प्लांट आणि बोस्टन फर्न चांगले येतात. फुशिया मात्र थंड हवेचे झाड. चित्रात पाहून आणलेले इथल्या एप्रिलमध्ये तग धरत नाही.

पाणी सकाळी द्यावे, बोट खुपसून पाहिल्यावर वरचा थर कोरडा लागला तरच. उन्हाळ्यात ते दोन वेळाही लागते. एकदा कडकडीत वाळलेले कोकोपीट वरून पाणी घेत नाही. अशी टोपली बादलीत पंधरा-वीस मिनिटे बुडवून ठेवावी. वारंवार पाणी घातल्याने खत वाहून जाते, म्हणून फुलांच्या दिवसांत दर पंधरवड्याला १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) हे पाण्यात विरघळणारे खत लिटरला एक ग्रॅम या मानाने देतात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत टोपल्या पागोळ्यांच्या धारेतून आत सरकवाव्या. कौलावरून पडणारी धार माती उकरते, रोप उघडे पाडते. या काळात खत बंद ठेवावे आणि गोगलगायी संध्याकाळी वेचून काढाव्या.

खानापूरच्या जंगलात टांगून वाढणारी फुले निसर्गानेच दिली आहेत. झाडांच्या खोडांवर वाढणारी सीतेची वेणी (ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा) ही आमरी (ऑर्किड) पावसाच्या तोंडाशी गुलाबी-पांढरे तुरे सोडते. तिला माती लागतच नाही. लाकडाचा तुकडा, कोळसा आणि दमट हवा पुरते. ती रानातून ओरबाडून आणण्याचा मोह मात्र टाळावा. २०११ मध्ये जाहीर झालेल्या भीमगड अभयारण्यातून झाड आणणे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, आणि शहरातल्या कोरड्या बाल्कनीत ती बहुधा जगतही नाही. हौस असेल तर नर्सरीत वाढवलेली डेंड्रोबियम आमरी घ्यावी आणि ती पूर्वेकडच्या, सकाळचे कोवळे ऊन मिळणाऱ्या सज्जात टांगावी.