कंट्रोल-सी दाबलं, पण प्रोग्रॅम थांबेना

यवतमाळकडच्या एखाद्या जिनिंगचा वजनकाटा घ्या. खोलीतल्या लिनक्स संगणकावरच्या प्रोग्रॅममध्ये दोन थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या दोन वाटा, आहेत. एक सीरियल पोर्टवरून कापसाच्या गाडीचं वजन वाचतो, दुसरा कीबोर्डवरून ‘एमएच 29’वाला नंबर घेतो. कामं वेगळी केलीत, कारण कीबोर्डवरचं ‘रीड’ (इनपुट वाचण्याची आज्ञा) एन्टर दाबेपर्यंत जागचं हलत नाही.

एन्टरची ही अट टर्मिनलची, म्हणजे कीबोर्ड-पडदा आणि प्रोग्रॅम यांच्यामधल्या दुव्याची. ओळ पुरी होईस्तोवर अक्षरं तो स्वतःजवळ ठेवतो, म्हणून तर बॅकस्पेस चालतो. टर्मिनलची ‘आयकॅनॉन’ (पुऱ्या ओळीसाठी थांबण्याची) सेटिंग बंद करून ‘व्हीमिन’ (किमान किती अक्षरं आली की द्यायची) 1 ठेवलं की कळ दाबताक्षणी अक्षर मिळतं. ‘एको’ही (टाइप केलेलं पडद्यावर दाखवणं) बंद केला असेल आणि प्रोग्रॅम मध्येच पडला, तर टाइप केलेलं दिसेनासं होतं, न बघता ‘एसटीटीवाय सेन’ (stty sane, टर्मिनल पूर्ववत करणारी आज्ञा) टाइप करून एन्टर मारा.

कंट्रोल-सी मात्र प्रोग्रॅमला अक्षर म्हणून मिळतच नाही. कर्नल (लिनक्सचा गाभा) ते वरच्यावर उचलतो आणि टर्मिनलवर समोर चालू असलेल्या प्रोसेसना (चालत्या प्रोग्रॅमना) सिगइंट, म्हणजे ‘थांब’ सांगणारा 2 नंबरचा सिग्नल, धाडतो. तो अख्ख्या प्रोसेसचा असतो. ज्यांनी अडवला नाही त्यांपैकी कुठल्याही थ्रेडवर येऊन पडतो. वजनाच्या थ्रेडवर पडला, हँडलरने (सिग्नल आल्यावर चालणाऱ्या फंक्शनने) ‘थांबा’चा झेंडा लावला, तरी कीबोर्डवाला ‘रीड’मध्ये तसाच अडकलेला! त्याच्यावर पडूनही हँडलरला ‘एसए-रीस्टार्ट’ हा पर्याय लावलेला असेल तर ‘रीड’ पुन्हा सुरू होतं. हँडलरमध्ये ‘प्रिंटएफ’ (पडद्यावर छापण्याचं फंक्शन) तर नकोच: त्याच थ्रेडने आधी घेतलेलं लायब्ररीचं कुलूप हँडलर मागत बसू शकतो आणि सगळं गोठू शकतं.

यावर खात्रीचा उपाय असा. थ्रेड बनवण्याआधीच मेनमध्ये (प्रोग्रॅम जिथून सुरू होतो त्या फंक्शनमध्ये) ‘पीथ्रेड-सिगमास्क’ने सिगइंट आणि सिगटर्म (बंद होण्याची विनंती करणारा सिग्नल) अडवा, नवे थ्रेड तोच मास्क, म्हणजे अडवलेल्या सिग्नलांची यादी, घेऊन जन्मतात. मग तिसरा थ्रेड फक्त ‘सिगवेट’वर, म्हणजे सिग्नलची वाट बघत, बसवा. तो हँडलर नाही, साधा थ्रेड आहे. त्यात ‘प्रिंटएफ’ बिनधास्त वापरा. सिग्नल आला की त्याने एका पाइपमध्ये (एका टोकाने लिहायचं, दुसऱ्याने वाचायचं अशा नळीत) एक बाइट टाकायचा. बाकी दोघे ‘पोल’ने (एकाच वेळी अनेक ठिकाणी काही आलं का ते बघणाऱ्या आज्ञेने) आपापलं इनपुट आणि तो पाइप, दोन्हीकडे लक्ष ठेवतात. बाइट कुणी वाचून काढू नये, म्हणजे दोघांनाही दिसतो. ‘पोल’सोबत ‘स्कॅनएफ’ (इनपुट वाचण्याचं लायब्ररीचं फंक्शन) वापरलंत तर फसाल: अक्षरं लायब्ररीच्या बफरमध्ये जाऊन बसतात आणि ‘पोल’ म्हणतो, काही आलंच नाही.

प्रोग्रॅमला तिथल्या तिथे मारणारा 9 नंबरचा सिगकिल कुणालाच अडवता येत नाही, आणि भारनियमन तर सिग्नलही देत नाही. म्हणून प्रत्येक गाडीची नोंद लिहिली की लगेच ‘एफसिंक’ करा, म्हणजे ती डिस्कवर उतरवायला लावा.