एम.डेस. (इंडस्ट्रियल डिझाइन) प्रवेश: परीक्षा निघते, अर्ज कागदावर अडतो

आयआयटीतून इंडस्ट्रियल डिझाइनमध्ये एम.डेस. (डिझाइनची पदव्युत्तर पदवी) करायचं तर सीड (CEED) ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, हे आता नांदेड, लातूर, परभणीच्या कॉलेजांतही बऱ्याच जणांना माहीत झालंय. मुलं वर्षभर स्केचिंग करतात, जुने पेपर सोडवतात, पास होतात, आणि मग मे-जूनमध्ये विचारतात, ‘सर, अजून कॉल का आला नाही?’ कॉल येत नाही, कारण अर्जच केलेला नसतो.

आधी हेच नीट समजून घ्या. आपल्याकडे इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडची सवय लागलेली असते. सीईटीचा निकाल, मग एकच पोर्टल, ऑप्शन फॉर्म, अलॉटमेंट. सीडनंतर असं काहीही होत नाही. आयआयटी मुंबई ही परीक्षा घेते, निकाल लावते आणि तिथे सीडचं काम संपतं. प्रवेशासाठी प्रत्येक संस्थेच्या साइटवर वेगळा अर्ज, वेगळी फी आणि वेगळी शेवटची तारीख. आयआयटी मुंबईचा डिझाइन विभाग म्हणजे आयडीसी (१९६९पासूनचा), दिल्ली, गुवाहाटी, कानपूर, हैदराबाद इथल्या आयआयटी, जबलपूरची ट्रिपल आयटी डीएम (माहिती तंत्रज्ञान, डिझाइन आणि उत्पादनाची संस्था), बेंगळुरूची आयआयएससी (भारतीय विज्ञान संस्था), सगळ्यांची दारं स्वतंत्र. सीडचा निकाल मार्चमध्ये येतो आणि बहुतेक संस्थांचे अर्ज त्याच सुमाराला सुरू होऊन थोड्याच दिवसांत बंद होतात. तेव्हा कॉलेजात सबमिशन आणि प्रोजेक्टची धांदल असते, नेमकी तीच वेळ निसटते. निकालाची वाट न पाहता फेब्रुवारीतच पाच-सहा संस्थांची प्रवेशाची पानं उघडून ठेवा आणि आठवड्यातून एकदा बघत राहा. कुणी फोन करून बोलावणार नाही.

दुसरी तारीख चुकते ती स्कोअरची. सीडचा स्कोअर निकालाच्या दिवसापासून एक वर्ष चालतो. ‘यंदा परीक्षा देऊन ठेवतो, दोन वर्षं वाळूजच्या एमआयडीसीत नोकरी करतो, मग जातो’ हा बेत गेटच्या (एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेच्या) हिशेबाने केलेला असतो, कारण गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो. सीडचा नाही. नोकरी करायची तर करा, पण परीक्षा पुन्हा द्यायची तयारी ठेवा. सीडला वयाची अट नाही आणि कितीही वेळा बसता येतं, एवढी मात्र मेहेरबानी आहे.

पात्रता: सीडला बसता आलं म्हणजे प्रवेशाला पात्र झालात असं नाही

सीडला बसायला बारावीनंतर किमान तीन वर्षांची पदवी किंवा पदविका लागते. शेवटच्या वर्षाला असलेलेही बसू शकतात. यातले ‘बारावीनंतर’ हे शब्द वाचायचे राहतात. दहावीनंतर पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा केलेला मुलगा यात बसत नाही, मग त्याने टूल अँड डायमध्ये कितीही चांगलं काम केलेलं असो. डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला जाऊन बी.ई. केलं असेल तर प्रश्नच नाही.

खरी ठेच लागते ती पुढच्या पायरीवर. बी.एस्सी., बी.ए., बी.सी.ए. अशी तीन वर्षांची पदवी घेऊन सीड पास होता येते, पण इंडस्ट्रियल डिझाइनची जागा देताना संस्था स्वतःची अट लावते आणि ती बहुतेक ठिकाणी बी.ई., बी.टेक., बी.आर्क., बी.डेस. अशा पदव्यांभोवती फिरते. एकाच संस्थेत कम्युनिकेशन डिझाइनला एक अट आणि इंडस्ट्रियल डिझाइनला दुसरी, असंही असतं. म्हणून सीडची फी भरण्याआधी आपल्याला हव्या त्या शाखेच्या पात्रतेचा परिच्छेद शब्दन् शब्द वाचा. पास झाल्यावर ‘तुमची पदवी चालत नाही’ असं कळणं फार वाईट, आणि तसं दर वर्षी कुणाचं तरी होतं.

जी.डी. आर्ट या कलेच्या पदविकावाल्यांचं दुखणं वेगळं. त्यांना सीड देता येते, पण पदविकेनंतर एक वर्षाचा व्यावसायिक अनुभव लागतो. हा अनुभवाचा दाखला कुणाकडेच नसतो. काम केलेलं असतं. फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन केलेली असतात, गणपतीचे देखावे उभे केलेले असतात, दुकानांचे बोर्ड रंगवलेले असतात. पण पगार रोख, पावती नाही, आणि मालक म्हणतो, ‘कशाला पाहिजे कागद? मी सांगतो ना फोनवर.’ फोनवर सांगून भागत नाही. जिथे काम करताय तिथून आजच लेटरहेडवर पत्र घ्या: कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, काय काम, सही, शिक्का. स्वतंत्र काम करत असाल तर ग्राहकांना बिलं देणं सुरू करा आणि पैसे बँकेत घ्या. मागच्या तारखेचं बनावट पत्र मात्र करू नका. मुलाखतीत त्या कामाबद्दल दोन प्रश्न विचारले की उघडं पडतं.

जातीचा दाखला: राज्याचा वेगळा, केंद्राचा वेगळा

सगळ्यात जास्त अर्ज इथे अडकतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

महाराष्ट्राचं नॉन क्रीमी लेयर आयआयटीत चालत नाही. तिथे केंद्र सरकारच्या नमुन्यातला ओबीसी-एनसीएल दाखला लागतो. सेतू केंद्रावर नुसतं ‘नॉन क्रीमी लेयर पाहिजे’ म्हटलंत की हातात राज्याचं पडतं, कारण रोज शंभर जण तेच मागतात. सीडच्या माहितीपत्रकात दिलेला नमुना छापून सोबत न्या आणि ‘केंद्राचं’ हा शब्द अर्ज भरणाऱ्याला दोनदा सांगा. राज्याचं एनसीएल एखादवेळी तीन वर्षं चालतं, केंद्राचं मात्र दर वर्षी ताजं लागतं. ते १ एप्रिलनंतर काढलेलं हवं असतं, आणि कोणत्या सालच्या एप्रिलनंतरचं, हे त्या वर्षीच्या माहितीपत्रकात असतं. ऑक्टोबरमध्ये परीक्षेच्या अर्जाला जोडलेला दाखला पुढच्या जुलैत प्रवेशाच्या वेळी जुना ठरू शकतो, तेव्हा एप्रिल उजाडला की नव्यासाठी पुन्हा अर्ज टाका.

विमुक्त जाती, भटक्या जमाती हे गट राज्याचे. केंद्राकडे वंजारी, धनगर, बंजारा हे महाराष्ट्रातले समाज ओबीसीत मोजले जातात. त्यामुळे अर्जात ‘एनटी’ शोधत बसू नका, ते नसतंच. आपली जात, दाखल्यावर जशी लिहिली आहे तशी, केंद्राच्या यादीत आहे का ते आधी तपासा.

उत्पन्नाबद्दलही घोळ होतो. आठ लाखांची मर्यादा ऐकून सरकारी शिक्षकाची किंवा कारकुनाची मुलं आपण क्रीमी लेयरमध्ये गेलो असं समजून घरीच बसतात. ओबीसीच्या या उत्पन्न कसोटीत सरकारी नोकरीतल्या आईवडिलांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. त्यांचं पद कोणत्या वर्गाचं आहे ते बघतात. तहसीलमधला बाबू पगाराची स्लिप बघून ‘नाही बसत’ म्हणाला, तर नियम दाखवा आणि नकार लेखी मागा. लेखी मागितलं की बऱ्याचदा फाइल हलते, हा नेहमीचा अनुभव.

मराठा विद्यार्थ्यांसाठी: राज्याचं एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग) आरक्षण केंद्राच्या संस्थांत नाही. ज्यांच्या घरी कुणबी नोंद निघाली आणि दाखला मिळाला, त्यांचा मार्ग ओबीसीचा. सप्टेंबर २०२५च्या हैदराबाद गॅझेटच्या शासन निर्णयानंतर त्यासाठी कार्यालयांत रांगा आहेत. ओबीसी दाखल्याला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो आणि आपल्याकडे तो निजामकाळातल्या उर्दू नोंदीत किंवा मोडीत निघतो. वाचणारा शोधण्यातच महिने जातात. सीडच्या तारखेला त्याचं काही देणंघेणं नाही. दाखला हातात असेल तरच तो प्रवर्ग भरा, पोचपावतीवर विसंबू नका.

बाकीच्यांसाठी ईडब्ल्यूएस, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक. हाही दाखला राज्याचा वेगळा आणि केंद्राचा वेगळा. केंद्राच्या नियमात कुटुंबाचं सगळं उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं, इथे पगार आणि शेतीही धरतात. शिवाय पाच एकर किंवा जास्त शेतजमीन असेल तर उत्पन्न कितीही कमी असो, दाखला नाही. हा नियम करणाऱ्याने बीड किंवा धाराशिवची कोरडवाहू पाच एकर बघितलेली दिसत नाही. त्यात सोयाबीनचा खर्च निघाला तरी पुष्कळ. पण नियम आहे. एक गोष्ट लक्षात ठेवा: इथे कुटुंब म्हणजे अर्जदार, त्याचे आईवडील, अठरा वर्षांखालची भावंडं, आणि लग्न झालं असेल तर जोडीदार व अठराखालची मुलं. आजोबा आणि काका यात नाहीत. सातबारा सामाईक असेल आणि अजून वाटणी झालेली नसेल, तर तलाठी सगळी जमीन तुमच्या नावावर मोजतो. वडिलांचा हिस्सा किती हे दाखवणारा कागद सोबत ठेवा.

परीक्षेची फी महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना निम्मी असते. ओबीसी मुलग्यांना सवलत नाही. आणि जात वैधता प्रमाणपत्र सीडच्या अर्जाला लागत नाही, त्यासाठी समितीकडे धावपळ करत बसू नका.

बाकीचं थोडक्यात

नोंदणी साधारण ऑक्टोबरमध्ये, परीक्षा जानेवारीतल्या एका रविवारी. फी भरल्याशिवाय अर्ज पूर्ण होत नाही. पैसे कापले गेले आणि स्थिती ‘पेंडिंग’ दिसली तर त्याच दिवशी हेल्पडेस्कला मेल करा. अर्जातलं नाव परीक्षेला नेणार त्या ओळखपत्राशी जुळू द्या. दहावीच्या सनदेवर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी, हा प्रकार घरोघरी आहे. दाखल्यावर औरंगाबाद किंवा उस्मानाबाद छापलं आहे म्हणून नवा दाखला काढायची गरज नाही, त्या काळात जिल्ह्याचं नाव तेच होतं.

पेपर तीन तासांचा. एक तास संगणकावर भाग ए, दोन तास कागदावर भाग बी. ए मध्ये कटऑफ गाठला तरच बी तपासतात, पण अंतिम गुणांत ए चे २५ टक्के आणि बी चे ७५. पुणे, मुंबई किंवा नागपूरचं केंद्र घेतलंत तर शनिवारीच पोचा. पहाटे उतरणाऱ्या गाडीच्या भरवशावर राहू नका.

शेवटच्या वर्षाला असाल तर प्राचार्यांच्या सहीचं बोनाफाईड घ्या. विद्यापीठाचा निकाल लांबणं आपल्याकडे नवीन नाही. संस्था निकालासाठी थोडी मुदत देतात, पण तोंडी परीक्षेसकट सगळ्या परीक्षा प्रवेशाआधी संपलेल्या हव्यात. सीजीपीएचे टक्के करण्याचं सूत्र विद्यापीठाच्या पत्रावर असू द्या, स्वतः गुणाकार करून भरू नका.

पोर्टफोलिओ

मुलाखतीला तो लागतो आणि इथे मुलं चमकदार रेंडर (संगणकावर केलेली वस्तूंची गुळगुळीत चित्रं) भरतात. समोर बसलेल्यांना बघायचं असतं ते विचार कसा पुढे सरकला: कच्ची स्केचेस, फसलेलं मॉडेल, वापरणाऱ्याशी बोलून केलेला बदल. पेरणी यंत्राच्या बियाण्याच्या पेटीचं झाकण वाऱ्याने उडतं, म्हणून कार्डबोर्डची चार झाकणं करून शेतात लावून बघितली, असं एक काम दहा कार-रेंडरपेक्षा जड ठरतं. प्रोजेक्ट गटाने केला असेल तर तुम्ही नेमकं काय केलं ते लिहा. आणि वाळूज-शेंद्र्याच्या कंपनीत ट्रेनी असताना केलेली ड्रॉइंग परवानगीशिवाय घालू नका. कंपनीची ड्रॉइंग गोपनीय असतात, आणि ती सहज बाहेर देणारा उमेदवार कुणालाच नको असतो. कंपनीकडून दोन ओळींचं परवानगीचं पत्र घ्या. नाहीच मिळालं तर त्या कामाचं फक्त शब्दांत वर्णन करा.

आयआयएससीला सीडऐवजी गेटचा स्कोअरही चालतो, त्यामुळे बी.ई. झालेल्यांनी तिथला अर्ज सोडू नये. एनआयडी (राष्ट्रीय डिझाइन संस्था) हे सगळं सोडून वेगळं: तिची परीक्षा डॅट, प्रिलिम्स आणि मेन्स अशी दोन टप्प्यांत, सीडचा तिथे काही उपयोग नाही, आणि वयाची अट आहे ती जाहिरातीत बघून घ्या. दोन्हीकडे अर्ज करायचा असेल तर दोन्ही फी आणि केंद्र सरकारच्या नमुन्यातल्या दाखल्याची सोय सप्टेंबरच्या आत करून ठेवा, कारण दिवाळीच्या आसपास सेतू केंद्राचं सर्व्हर आणि तहसीलमधली माणसं दोन्ही जागेवर नसतात.