सौर पंप वेगळा, सौर वाहिनी वेगळी

शेतातल्या सोलरच्या दोन वेगळ्या सरकारी योजना आहेत: एक तुमच्या शेतात बसणाऱ्या सौर पंपाची, दुसरी सौर प्रकल्पातून शेतीपंपांना दिवसा वीज देणारी ‘वाहिनी’. पण हा विषय निघाला की पाच मिनिटांत घोळ सुरू होतो. ‘वाहिनीला जमीन दिली की पंप फुकट मिळतो.’ ‘वाहिनीचा फॉर्म कुठे भरायचा?’ ‘गावात वाहिनी आली म्हणून आमचा पंपाचा अर्ज बाद झाला.’ तिन्ही चूक. आणि हे बोलणारे अडाणी नसतात. कृषी सेवा केंद्रवाले असतात, माजी सरपंच असतात, कधी कधी सेतूत बसून पैसे घेऊन फॉर्म भरून देणारा पोरगाही असतो.

पंप बहुतेकांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’, २०२४ पासून. शेतात पाणी हवं: विहीर, बोअर, शेततळं किंवा बारमाही ओढा-नदी. अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाच एकरापर्यंत ५, त्यापुढे साडेसात. शेतकऱ्याने किमतीच्या १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के. उरलेले केंद्र आणि राज्य मिळून भरतात. पाच वर्षं दुरुस्ती पुरवठादाराकडे.

आता वाहिनी. ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना’ २०१७ ची. राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातलं कोळंबी इथून सुरुवात झाली. सध्या चालू आहे ती २०२३ नंतरची २.० आवृत्ती. सबस्टेशनजवळच्या जमिनीवर काही मेगावॅटचा प्रकल्प उभा राहतो आणि त्याची वीज त्या सबस्टेशनच्या शेतीच्या फिडरवर, म्हणजे शेतीपंपांकडे जाणाऱ्या लाईनवर, सोडली जाते. दोन्ही योजनांत कुठे ना कुठे ‘कुसुम’ या केंद्राच्या शेती-सोलर योजनेचा पैसा आहे, म्हणून सगळे दोन्हींना ‘कुसुम’च म्हणतात आणि गोंधळ पक्का होतो. कुसुममध्ये अ, ब, क असे घटक आहेत. सुटा पंप ‘ब’मध्ये येतो. फिडर सोलरवर नेणं ‘क’मध्ये येतं, तिथली केंद्राची मदत, मेगावॅटला जास्तीत जास्त १ कोटी ५ लाख, प्रकल्पाला जाते. शेतकऱ्याच्या खात्यात त्यातला रुपयाही यायचा नसतो, त्यामुळे ‘वाहिनीची सबसिडी अजून जमा झाली नाही’ ही तक्रार करण्यात अर्थ नाही.

सगळा फरक तारेत आहे. सौर पंपाला महावितरणची तार नसते. तुमचं पॅनेल, तुमची मोटार, तुमचं ऊन. आभाळ आलं की पाणी कमी, संध्याकाळी बंद. वाहिनीत मात्र तुमच्या शेतात काहीच बदलत नाही. तोच खांब, तीच डीपी, तोच स्टार्टर. बदलते ती लाईट येण्याची वेळ: रात्रीच्या पाळीऐवजी दिवसा. अंधारात बॅटरी घेऊन, साप-विंचवाच्या भीतीने बांधावरून पाण्याची दारं मोडायला जाणं ज्यांनी केलंय त्यांना या एका बदलाची किंमत सांगायला नको.

मग तुम्ही कशात बसता? घरातलं शेतीपंपाचं जुनं बिल काढा. त्यावर बारा आकडी ग्राहक क्रमांक आहे का? असेल तर तुम्ही तारेवरचे. फिडर सोलरवर गेला की दिवसाची वीज आपोआप येईल. त्यासाठी फॉर्म नाही, हिस्सा नाही, दलाल तर नाहीच नाही. क्रमांक नसेल, कधी जोडणीच मिळाली नसेल, तर पंपाचा अर्ज तुमच्यासाठी आहे. वाहिनीची वाट बघत बसलात तर वाहिनी तुमच्या खांब नसलेल्या शेतात कधीच येणार नाही. जोडणीचे पैसे (कोटेशन) भरून वर्षानुवर्षं खांबाची वाट बघणारे पंपाच्याच बाजूला. अर्ज करताना कोटेशनची ती जुनी पावती जवळ ठेवा. पंपाचे बरेच अर्ज अडतात ते वेगळ्याच कारणाने. त्याच शेतात आधीची जोडणी निघते, किंवा आधीच्या अटल सौर पंप योजनेतला पंप घेतलेला निघतो. गावात वाहिनी आली की नाही याचा त्याच्याशी संबंध नसतो.

यातली सगळ्यात डोक्यात जाणारी गोष्ट: नव्वद टक्के अनुदानाच्या मोहाने चालू जोडणी कायमची तोडून पंपाला अर्ज करणं. काही एजंट हा सल्ला बिनदिक्कत देतात. साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपाला मार्च २०२९ पर्यंत वीजबिल माफ आहे, फिडर सोलरवर गेला तर वीजही दिवसा मिळणार आहे. अशा वेळी खांब सोडून द्यायला मी तरी कुणाला सांगणार नाही. ज्याच्याकडे खांबच नाही, त्याने मात्र पंपाला दोनदा विचार करू नये.

आता भाड्याचं. वाहिनीत जमीन देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार मिळतात, म्हणजे एकरी सुमारे ५० हजार, आणि दरवर्षी ३ टक्के वाढ. ऐकायला झकास. पण जमीन सबस्टेशनपासून साधारण ५ किलोमीटरच्या आत आणि सलग हवी. दीड एकराचा, चार भावांत सामायिक सातबारा असलेला माणूस या खेळात नसतोच. भाडं मिळतं म्हणून पंप फुकट वगैरे काही नाही. ते जमिनीचं भाडं आहे, बस्स. प्रकल्प झालेल्या ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख, असे तीन वर्षं मिळतात. ते कुठे खर्च झाले हे ग्रामसभेत विचारता येतं, आणि दलित वस्तीतल्या बायांनी ते जरूर विचारावं.

सरकारी जमीन घेतली जाते तिथे दुसराच प्रश्न उभा राहतो. सरकारी दप्तरात मोकळं दिसणारं गायरान प्रत्यक्षात मोकळं असतंच असं नाही. मराठवाड्यात भूमिहीन दलित आणि पारधी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या गायरान कसत आली आहेत. आंबेडकरी नेते दादासाहेब गायकवाड यांचे भूमिहीनांसाठीचे सत्याग्रह अशी जमीन कसणाऱ्याला मिळावी याच मागणीचे होते. १४ एप्रिल १९९० पूर्वीची अशी अतिक्रमणं नियमित करण्याचा शासन निर्णयही झाला, पण अनेकांच्या नावावर सातबारा आजही नाही. अशांना पंप मिळत नाही कारण सातबारा नाही, वाहिनीचं भाडं मिळत नाही कारण जमीन सरकारची, आणि प्रकल्प आला तर कसती जमीनच जाते. ‘हरित ऊर्जा’ म्हणताना हे सोयीस्करपणे विसरलं जातं. अशा गावात मोजणीआधी कसणाऱ्यांनी जुन्या दंडाच्या पावत्या, पीकपाहणीच्या नोंदी काढून ठेवाव्यात आणि ग्रामसभेच्या इतिवृत्तात आपली हरकत लिहून घ्यावी. तोंडी हरकत कुणी धरत नाही.

बाकीचे फरक किरकोळ. पॅनेल दोन्हीकडे सारखंच, धूळ दोन्हीकडे पुसावी लागते, फक्त वाहिनीत ती तुम्हाला पुसायची नसते.

पंपाच्या बाजूला असाल तर कागदाकडे लक्ष द्या. ५ टक्क्यांचा हिस्सा लागू व्हायला जातीचा दाखला लागतो. तो जोडला नाही की तुम्ही १० टक्क्यांत. सामायिक सातबारा असेल तर बाकी हिस्सेदारांचं ना हरकत स्टॅम्प पेपरवर. हिस्सा भरला की पुरवठादार पोर्टलवर तुम्हीच निवडायचा. सेतूवाल्याला निवडू देऊ नका, त्याचं कमिशन ठरलेलं असतं. जॉइंट सर्व्हेला, म्हणजे महावितरण आणि पुरवठादार शेत बघायला येतात तेव्हा, स्वतः हजर राहा आणि पाण्याची खोली खरी सांगा, कारण त्यावर पंपाचा हेड, म्हणजे तो पाणी किती उंच चढवू शकतो ते, ठरतो. कमी हेडचा पंप खोल बोअरवर बसला की भर उन्हातही बोटाएवढी धार येते. पुढे बसवायला आलेला माणूस ‘खड्डे तुम्ही खणा, सिमेंट-खडी तुमची, गाडीभाडं द्या’ म्हणतो. देऊ नका. वाहतूक आणि उभारणी त्याच किमतीत धरलेली असते. तो ऐकत नसेल तर काम पूर्ण झाल्याच्या कागदावर सही आणि मोबाइलवर आलेला ओटीपी, दोन्ही अडवून धरा.