अंगठा उमटत नाही तेव्हा

नोव्हेंबर लागला की पेन्शनरांची हयातीच्या दाखल्यासाठी धावपळ सुरू होते. २०१४ पासून हा दाखला ‘जीवन प्रमाण’ सेवेतून डिजिटल पद्धतीनं देता येतो. यंत्रावर बोट ठेवायचं, ठसा आधारशी जुळला की काम झालं. धडधाकट माणसासाठी ही मोठीच सोय आहे.

म्हाताऱ्या बोटांचं मात्र तसं नसतं. वय वाढतं तशी कातडी कोरडी आणि सैल पडते, घाम कमी येतो, ठशाच्या उंचवट्यांची धार जाते. जन्मभर खुरपणी केलेल्या, भांडी घासलेल्या हातांवर तर रेषा आधीच झिजलेल्या असतात. यंत्र रेषा आणि तिच्या शेजारची खाच यांतला फरक वाचतं, आणि नेमका तोच पुसट झालेला असतो. म्हणून आजी तीन-तीनदा अंगठा पुसून ठेवतात, तरी ठसा उमटत नाही. २०२१ पासून चेहरा दाखवूनही दाखला मिळतो, पण त्यासाठी स्मार्टफोन आणि नेट लागतं.

याचा तब्येतीशी संबंध काय? पेन्शन अडली की औषधं अडतात. वाढलेला रक्तदाब बहुतेकदा जाणवतच नाही, त्यामुळे त्याची गोळी ‘पुढच्या महिन्यात घेऊ’ म्हणून सहज मागे पडते. धोका मात्र वाढत राहतो, कधी थेट पक्षाघातापर्यंत.

तंत्रज्ञान तब्येतीपर्यंत पोचतं तो दुसरा रस्ता एकटेपणाचा. २०१० साली १४८ अभ्यास आणि तीन लाखांहून अधिक माणसांची माहिती एकत्र तपासली गेली. ज्यांची नाती घट्ट, त्यांची अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त दिसली. मुलं पुण्या-मुंबईला किंवा परदेशात असतील तर आज नात्याचा बराचसा धागा व्हिडिओ कॉलमधूनच जातो.

मेंदूबद्दलही आकडे आहेत. अमेरिकेत ५० ते ६५ वयाच्या १८,१५४ जणांच्या पाहणीत, नियमित इंटरनेट वापरणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका जवळपास निम्मा आढळला. हा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. पण म्हणून फोन हे काही औषध ठरत नाही. ज्यांचं शिक्षण, पैसा आणि डोकं शाबूत आहे तेच मुळात इंटरनेट जास्त वापरतात. संशोधक अशा गोष्टींचा हिशेब धरतात, तरी कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे अशा पाहणीतून पक्कं ठरत नाही. ‘बाबांना टॅब घेऊन दिला, आता काळजी नाही’ असं म्हणणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावं.

माझ्या मते खरा प्रश्न उपकरणाचा कमी आणि कार्यालयांतल्या बंद होत चाललेल्या, माणूस बसलेल्या खिडक्यांचा जास्त आहे. ‘ई-संजीवनी’ या सरकारी सेवेत डॉक्टरांचा सल्ला दुरून मिळतो. तिथं गावच्या आरोग्य केंद्रातली कर्मचारी रुग्णाशेजारी बसते आणि दूरवरच्या डॉक्टरांशी जोडून देते. आजोबांकडे फोन नसला तरी चालतं. तंत्रज्ञान तेच, फक्त ते हाताळण्याचा भार म्हाताऱ्या माणसावर टाकलेला नाही. अशीच रचना सगळीकडे हवी.

हयातीच्या दाखल्यासाठी पोस्टमनला थोडं शुल्क देऊन घरी बोलावता येतं. पेन्शन देणाऱ्या बँकेत स्वतः जाऊन कागदी दाखलाही भरता येतो. ठसा जुळत नाही म्हणून कुणी परत पाठवलं, तर बँकेत हा कागदी दाखल्याचा फॉर्म मागून घ्या.